कार्तिकातलं गवत सोनेरीच राहू द्या



पाऊस उघडलाय, दसरा होऊन गेलाय, भात पिवळं पडायला लागलंय. ज्या गटांनी घरगुती जेवणाचं, मुक्कामाचं किंवा वाट दाखवायचं काम धरलंय, त्यांच्या फोनात आता रोज डोंगराचे, शिवाराचे फोटो पडत असतील. फोटो काढायला आता कुणाला शिकवावं लागत नाही. पण काढून झाल्यावर त्याचे रंग ॲपमध्ये किती वाढवायचे, कुठले वाढवायचे आणि हात कुठं आवरायचा, यावर गटागटांत वाद चाललेत. आज तेवढंच बोलू. विषय किरकोळ वाटेल, पण गेल्या कार्तिकात यावरून आमच्याकडे शिजवलेलं १८ माणसांचं जेवण वाया जायची पाळी आली होती.

झालं असं. आमचे गट कास पठाराच्या खालच्या अंगाला. पठाराचं नाव तुम्हाला ठाऊक आहे, २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर ते युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलं. ऑगस्ट अखेरपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत फुलं असतात, तोवर पाहुण्यांची रीघ. फुलं सरली की रस्ते ओस. म्हणून आम्ही ठरवलं, की दिवाळीनंतरही चार पाहुणे यावेत असं काही करू. वाळलेल्या गवताचा उतार, खाली धरणाचं पाणी, पलीकडे डोंगरांच्या रांगा, असा एक फोटो आम्ही शहरातल्या एका बुकिंग घेणाऱ्या माणसाला पाठवला. त्यानं तो आम्हाला न विचारता रंगवला. गवत पोपटी हिरवं, पाणी कपड्यांच्या निळीसारखं, आकाश त्याहून निळं. तो फोटो बघून १८ जण आले. उतरल्या उतरल्या त्यांनी फोन पुढं केला आणि विचारलं, "हे कुठंय?"

कुठं असणार? कार्तिकात ते नसतंच. मंडळी चिडली, निम्मे पैसे देऊ म्हणाली, दोघं तर न जेवता परत फिरायला निघाले. इकडं चुलीवर पिठलं, तव्यावर नाचणीच्या भाकरी, आणि बायका एकमेकींच्या तोंडाकडं बघतायत. तेव्हा गटाच्या अध्यक्षा ताईंनी आपल्या फोनातला मूळ फोटो काढून दाखवला. "आम्ही हा पाठवला होता," एवढंच म्हणाल्या. त्या पाहुण्यांत एक काकू होत्या. त्यांनी फोटो बघितला, समोरचा डोंगर बघितला आणि म्हणाल्या, "अहो, पण हाच जास्त चांगला आहे की." मंडळी जेवली. पैसे मात्र पूर्ण मिळाले नाहीत.

तेव्हापासून आमच्या गटात पाहुण्यांना जाणारा फोटो आम्हीच दुरुस्त करतो आणि पुढच्याला बजावून सांगतो, की याला आता हात लावायचा नाही.

आता आधी हे बघू, की आपल्याकडच्या शरदाचा रंग नेमका असतो कुठं. फोनच्या काही ॲपमध्ये 'ऑटम' नावाचा तयार फिल्टर असतो. तो दाबला की सगळी झाडं केशरी होतात. आमच्यातल्या एका सुनेनं तो आमच्या देवराईवर लावून बघितला, आणि सगळ्या जणी हसून लोळल्या. तो रंग थंड मुलखातला. जपान, कॅनडा, अमेरिकेचा ईशान्य भाग इथं शरदात दिवस लहान होतात, गारठा वाढतो, पानातलं हरितद्रव्य मोडतं आणि पानात आधीपासून असलेला पिवळा रंग उघडा पडतो. लाल रंग मात्र पान गळायच्या आधी नव्यानं तयार होतो. आपल्या देशात काश्मीरचा चिनार असा लाल होतो. आपल्या घाटावरचं जांभूळ नि अंजनी कार्तिकातही हिरवीगार असतात. आपल्याकडे लाल बघायचं तर कुसुंबाची पालवी बघावी, आणि ती फुटते फाल्गुन-चैत्रात.

आपल्याकडं रंग बदलतं ते गवत. पठारावर जांभ्या खडकावर मातीचा थर पातळ, पाऊस थांबला की ओल टिकत नाही. गवत तुरा काढतं, बी धरतं आणि वाळतं. पण सगळं एकदम वाळत नाही, आणि खरी गंमत तिथंच आहे. एकाच दिवशी एकाच डोंगरावर माथ्याचं गवत पेंढ्याच्या रंगाचं, मधल्या उताराचं तांबूस, ओढ्याच्या कडेचं अजून हिरवं. शेजारी कारळ्याच्या शेतात एखाद-दुसरं पिवळं फूल मागं राहिलेलं. हे तीन-चार रंग एकमेकांजवळ असतात, थोड्याथोड्या फरकाचे. रंग भसाभस वाढवले की हा बारका फरक पहिल्यांदा मरतो. डोंगर एकतर सगळा हिरवा दिसतो, नाहीतर सगळा केशरी.

आमच्यात एक गट म्हणतो, "मग काही करूच नका, जसा निघाला तसा पाठवा." तेही आम्हाला पटत नाही. कारण फोनातून निघालेला फोटो काही कोरा नसतो. फोन स्वतःच रंग ठरवतो. बऱ्याच फोनात कॅमेऱ्यात एआय नावाचं बटण असतं. समोर झाडी दिसली की तो हिरवा वाढवतो, आकाश दिसलं की निळा. ते बंद करून ठेवलेलं बरं. दुसरी गोष्ट, संध्याकाळचं ऊन. सूर्य खाली असला की उजेडाला जास्त हवेतून यावं लागतं, वाटेत निळा रंग विखुरतो, म्हणून ऊन पिवळं-तांबडं होतं. आपल्याला ते सोनं दिसतं. फोनला वाटतं, उजेडात काहीतरी बिघाड आहे, आणि तो ते पिवळेपण काढून टाकायला बघतो. मग सोनेरी गवत राखाडी निघतं. अशा वेळी फोटोत थोडा पिवळेपणा परत घालणं म्हणजे खोटं करणं नव्हे, फोननं काढून घेतलेलं परत ठेवणं आहे.

तर हे परत ठेवायचं कसं?

बसायची जागा आधी बघा. उन्हात अंगणात बसून रंग दुरुस्त करू नका. उन्हात पडदा फिका दिसतो आणि हात जड पडतो. घरात खिडकीशी, पडद्याचा उजेड मध्यम ठेवून बसा. रात्री डोळ्यांना त्रास नको म्हणून पडदा पिवळसर करायची सोय फोनात असते, 'आय कम्फर्ट' किंवा 'नाइट लाइट' नावाची. ती आधी बंद करा. ती चालू असली की चांगला फोटोही पिवळा दिसतो, आपण त्यात निळा घालत बसतो, आणि दुसऱ्याच्या फोनवर डोंगर गारठल्यासारखा दिसतो. काही फोनात पडद्याच्या रंगाचे दोन प्रकार असतात, 'व्हिविड' आणि 'नॅचरल'. दुरुस्तीच्या वेळी 'नॅचरल' ठेवा.

ॲप कुठलंही चालेल. गुगलचं स्नॅपसीड फुकट आहे, लाइटरूमचीही मोबाइलवरची फुकट आवृत्ती आहे, आणि फोनच्या गॅलरीतही आता बरीचशी बटणं असतात. नावं सगळीकडं साधारण सारखीच. सुरुवात उजेडापासून करायची, रंगापासून नाही. आभाळ पांढरंफटक झालं असेल तर 'हायलाइट्स' खाली आणा, झाडाखालचा काळोख थोडा उजळायचा तर 'शॅडोज' किंचित वर. एवढं केलं की पुष्कळदा रंग आपोआप उठून दिसतात आणि पुढं फार काही करावं लागत नाही. काळोख पूर्ण घालवू नका. सकाळच्या उतरत्या उन्हात डोंगराला सावली असते, तिच्यामुळंच तो उंच दिसतो.

मग 'वॉर्म्थ', म्हणजे फोटो पिवळ्याकडं न्यायचा की निळ्याकडं. इथं अंदाज धरायला फोटोत एखादी पांढरी वस्तू शोधा. चुन्यानं रंगवलेली देवळाची भिंत, कुणाची टोपी, बगळा, काहीही. स्नॅपसीडच्या 'व्हाइट बॅलन्स'मध्ये एक पिचकारीसारखी खूण असते. ती पांढऱ्या वस्तूवर ठेवली की फोटो सगळा सरळ होतो. दुपारच्या फोटोला ही युक्ती नामी. पण सकाळ-संध्याकाळच्या फोटोला ती जशीच्या तशी वापरू नका. त्या वेळी टोपी खरोखरच पिवळसर दिसत असते, ती बगळ्यासारखी केली तर संध्याकाळच निघून जाते. पिचकारी लावा, आणि मग बोटानं थोडं पिवळ्याकडं परत या. सावलीतला उतार निळसर दिसला तर राहू द्या. सावलीत उजेड आभाळाचा असतो, तो निळसरच असायचा.

आता सगळ्यांचं लाडकं बटण, 'सॅच्युरेशन'. हे सगळेच रंग एकदम गडद करतं. लाइटरूममध्ये त्याच्या शेजारी 'व्हायब्रन्स' असतं. ते फिक्या रंगांना जास्त उचलतं आणि आधीच गडद असलेल्यांना फार हात लावत नाही, माणसांच्या चेहऱ्यालाही सांभाळून घेतं. दोन्ही असतील तर 'व्हायब्रन्स' वापरा. फक्त 'सॅच्युरेशन' असेल तर शंभरात दहा-पंधराच्या पुढं जायचं नाही, असा आम्ही गटात नियमच केलाय. वाळलेलं गवत आणि आपली कातडी, दोन्ही केशरीच्याच घरातले रंग. गवत सोनेरी करायला गेलं की गवताचा भारा घेऊन उभ्या असलेल्या मावशींच्या तोंडाला शेंदूर फासल्यासारखा दिसतो. म्हणून फोटोत माणूस असेल तर नजर माणसाच्या चेहऱ्यावर ठेवून बटण हलवा, गवतावर नाही.

फुलांचं आणखी वेगळं. सोनकीचा ताटवा आधीच भडक पिवळा. फोनात पिवळा रंग लाल आणि हिरवा हे दोन उजेड मिळून तयार होतो. ते दोन्ही टोकाला पोचले की पाकळी-पाकळीतला फरक बुजतो आणि ताटवा हळदीचा गोळा सांडल्यासारखा दिसतो. सोनकीच्या फोटोत रंग वाढवायचाच नाही, उलट उजेड थोडा कमी करा, पाकळ्या परत येतात. सीतेच्या आसवांचं याच्या उलट. ते जांभळं फूल फोनात बऱ्याचदा निळं निघतं. जांभळा रंग पकडणं कॅमेऱ्याला अवघडच जातं. तिथं दुरुस्ती करायलाच हवी. 'टिंट' नावाचं बटण किंचित गुलाबीकडं न्या. पण त्यानं मागचं गवतही गुलाबी व्हायला लागतं, तेव्हा फार थोडं. लाइटरूममध्ये एकेक रंग वेगळा हलवायची सोय आहे, तिथं फक्त निळा धरून जांभळ्याकडं सरकवता येतो. शिकायला दोन दिवस लागतात, पण ज्यांच्याकडं फुलांचे पाहुणे येतात त्यांनी एवढं जरूर शिकून घ्यावं.

हिरव्याबद्दल एक सांगायचं राहिलं. गवताच्या, भाताच्या हिरव्यात पिवळा पुष्कळ असतो. फोटो खोटा दिसायला लागतो तो बहुधा हिरवा निळ्याकडं झुकला म्हणून. प्लास्टिकच्या चटईसारखा हिरवा म्हणतो ना आपण, तो. तसं दिसलं तर हिरवा वाढवू नका, त्याला पिवळ्याकडं आणा.

आणि लांबच्या डोंगररांगा. एकामागं एक, पुढची गडद, मागची फिकी निळी. हे धूसरपण घालवायचं एक बटण असतं, 'डीहेझ'. तरुण मुलं ते दाबतातच. दाबलं की मागची रांग पुढं येते, सगळे डोंगर एका भिंतीवर चिकटवल्यासारखे दिसतात. लांबचं लांब दिसू द्या. पाहुणे तेवढं बघायला तर चढून येतात.

आता कळायचं कसं, की जमलं की बिघडलं? तिखट जेवणाऱ्याला जसं तिखट कळत नाही तसं पाच मिनिटं भडक रंग बघितले की डोळ्याला तेच बरोबर वाटायला लागतं. म्हणून फोन ठेवून द्या, एखादं काम करून या आणि मग बघा. बहुतेक ॲपमध्ये फोटोवर किंवा कोपऱ्यातल्या खुणेवर बोट दाबून धरलं की मूळ फोटो दिसतो, तो मधूनमधून बघत राहा. येताना त्या उतारावरच्या गवताची एक काडी तोडून आणा आणि खिडकीतल्या उजेडात फोटोशेजारी धरा. काडी काही हुबेहूब जुळणार नाही, पण रंग कुठल्या बाजूला घसरलाय ते लगेच समजतं.

आणि सगळ्यात पक्की पारख म्हणजे आमच्याकडच्या गवत कापणाऱ्या मावशी. त्यांनी आयुष्यभर हा उतार बघितलाय. कुठलं गवत कधी कापायचं हे त्या लांबून रंगावरून सांगतात. आम्ही फोटो त्यांच्यापुढं धरतो आणि एकच विचारतो, "मावशी, हा कुठल्या महिन्यातला?" कार्तिकातला फोटो बघून त्या "भादवा" म्हणाल्या, तर तो फोटो पाठवायचा नाही. एकदा तर एका मावशींनी फोटो बघून विचारलं, "याला औषध मारलंय का?" तण मारायच्या औषधानं गवत असं एकसारखं पिवळं पडतं. तो फोटो आमच्या एका मुलीनं फार मेहनतीनं केला होता. बिचारी हिरमुसली, पण मावशींचं खरं होतं. तिनं मूळ फोटोवरून पुन्हा केला, आणि आज आमच्या घराबाहेरच्या पाटीवर तोच आहे.

आमच्या सभेत एका वहिनींनी उघड विचारलं, की बाजारात सगळेच रंगवतात, आपण एकट्यांनी साधे फोटो टाकले तर आपल्याकडं कोण येणार? प्रश्न खोटा नाही. रंग वाढवायची हौसही आजची नाही. फोनच्या कितीतरी आधी, १९९० साली फुजी कंपनीनं वेल्व्हिया नावाची फिल्म काढली. तिच्यात हिरवे-निळे रंग डोळ्याला दिसतात त्यापेक्षा गडद येत, आणि डोंगरदऱ्यांचे फोटो काढणाऱ्यांनी ती डोक्यावर घेतली. भिंतीवर लावायच्या चित्राला ते शोभतं. पण आपला फोटो भिंतीवर जात नाही. तो बघून कुणीतरी पुण्या-मुंबईहून पोराबाळांना गाडीत घालून आपल्या दारात येतं. जेवणाचा दर सांगतो तसाच फोटोही आपण सांगितलेला शब्द असतो. आणि वहिनी, आमचा अनुभव सांगायचा तर सोनेरी गवताच्या फोटोवर माणसं कमी येतात हे खरं, पण जी येतात ती गवत बघायलाच येतात. ती भांडत नाहीत, आणि मुक्काम वाढवतात.

पाठवायच्या वेळच्या दोन-तीन गोष्टी. मूळ फोटो कधी पुसू नका, दुरुस्त केलेला वेगळा साठवा. वाद झाला तर मूळच कामी येतो, आमच्या अध्यक्षा ताईंना आला तसा. व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो बारीक होतो, तिथं 'एचडी'ची खूण दाबा, नाहीतर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. त्याआधी गटातल्या दोन-तीन जणींच्या वेगवेगळ्या फोनवर तो उघडून बघा, त्यातला एक तरी जुना, स्वस्त फोन असू द्या. आणि फोटोखाली महिना लिहा. नुसतं "आमचं गाव" नको. "कार्तिक, सकाळी साडेसात. गवत वाळलेलं आहे, धबधबे आटलेले आहेत, आकाश मोकळं असतं, रात्री थंडी पडते, पांघरूण आम्ही देतो," एवढं तरी लिहाच. भादव्यातला हिरवा फोटो टाकायचा असेल तर खुशाल टाका, खाली "भाद्रपद" लिहून. दोन्ही शेजारी शेजारी लावले तर फारच उत्तम. ज्याला जो डोंगर हवा त्यानं त्या महिन्यात यावं.

या महिन्यात गवत रोज रंग बदलतंय. एकाच जागी उभं राहून दर आठ दिवसांनी एक फोटो काढून ठेवा. वणव्याचे दिवस येईपर्यंत तुमच्याकडं दहा-बारा जमतील. ते घेऊन गटाच्या सभेला या, बसून बघू.